धातू-कार्बाइडचे पृष्ठभाग आणि फोटोउत्सर्जन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीचे विद्यार्थी, नव्याने पीएचडीला लागलेले आणि पावडर घेऊन एक्सपीएसच्या रांगेत उभे राहणारे रसायनवाले मला फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कार्बाइड म्हणजे धातू आणि कार्बन यांचं संयुग, फोटोउत्सर्जन म्हणजे प्रकाश टाकून पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर काढणं, आणि एक्सपीएस म्हणजे तेच काम क्ष-किरणांनी करणं. उदाहरण बहुतेक ठिकाणी टायटॅनियम कार्बाइडचं घेतलंय, कारण त्यावर भरपूर काम झालंय आणि त्याचे दोन पृष्ठभाग एकमेकांशी सख्ख्या भावांसारखे भांडतात. आधी प्रश्न ७ वाचलात तरी चालेल, सगळी गंमत तिथे आहे.

१. आंबे पिकवायला वापरतात तेच हे कार्बाइड का?

नाही. (हसू नका, हा प्रश्न दरवर्षी येतो, बहुधा एप्रिलमध्ये.) बाजारातली ती पुडी कॅल्शियम कार्बाइडची. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलिन वायू सुटतो, आणि फळं पिकवायला ते वापरण्यावर आपल्याकडे बंदी आहे. आपला विषय टायटॅनियम, व्हॅनेडियम, निओबियम, टँटलम, टंगस्टन अशा धातूंच्या कार्बाइडचा. ही पाण्याला दाद देत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात 'कार्बाइड टिप'चं ड्रिल बिट मिळतं, ते या घराण्यातलं: कोबाल्टमध्ये बसवलेलं टंगस्टन कार्बाइड.

२. मग हे धातू की सिरॅमिक? सर एक सांगतात, पुस्तक दुसरंच सांगतं.

दोघंही बरोबर. टायटॅनियम कार्बाइड ३००० अंश सेल्सिअस ओलांडल्यावर वितळतं, काचेवर सहज ओरखडा काढतं आणि हातोडीने ठोकलं तर पत्र्यासारखं पसरत नाही, फुटतं. ही सिरॅमिकची लक्षणं. पण मल्टिमीटरची दोन टोकं लावा, वीज धातूसारखी वाहते. रचना मिठाची: एक टायटॅनियम, एक कार्बन, तिन्ही दिशांना आळीपाळीने, घनाची बाजू ४.३३ अँगस्ट्रॉम. प्रत्येक अणूला विरुद्ध जातीचे सहा शेजारी.

हे दुहेरी वागणं इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतून येतं. टायटॅनियमचे ४ आणि कार्बनचे ४ असे ८ संयुजा इलेक्ट्रॉन मिळून कार्बनच्या २पी आणि टायटॅनियमच्या ३डी या कक्षकांच्या मिश्रणातून झालेला बंधाचा पट्टा (पट्टा म्हणजे इलेक्ट्रॉनांना मोकळीक असलेल्या ऊर्जांचा टापू) जवळजवळ काठोकाठ भरतात. म्हणून कडकपणा. पण भरलेला पट्टा आणि वरचा रिकामा डी-पट्टा यांच्यात खरी फट नसते, नुसती दरी असते, आणि फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा, त्या दरीच्या तळाशी बसते. म्हणून वाहकता. निओबियम किंवा टँटलम घेतलं की इलेक्ट्रॉन ९ होतात आणि जादाचा एक वरच्या डी-पट्ट्यात जातो. निओबियम कार्बाइड सुमारे ११ केल्व्हिनखाली, टँटलम कार्बाइड सुमारे १० केल्व्हिनखाली अतिवाहक होतं. टायटॅनियम कार्बाइड तिथे मागे राहतं, आणि फर्मी पातळीजवळ इलेक्ट्रॉन राहू शकतील अशा अवस्थांचा दुष्काळ हे त्याचं एक मोठं कारण.

३. फोटोउत्सर्जनातून इलेक्ट्रॉनांची रचना कळते म्हणजे नक्की काय कळतं?

हर्ट्झने १८८७ मध्ये पाहिलेला आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये उलगडलेला प्रकाशविद्युत परिणाम बारावीत शिकलात, तोच हा. ठरावीक ऊर्जेचा फोटॉन आत टाकायचा, बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा मोजायची, वजाबाकी करायची. फोटॉनची ऊर्जा उणे गतिज ऊर्जा उणे विश्लेषकाचं (ऊर्जा मोजणाऱ्या यंत्राचं) वर्क फंक्शन (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा), म्हणजे इलेक्ट्रॉन फर्मी पातळीच्या किती खाली बसला होता ती बंधन ऊर्जा. किती ऊर्जेला किती इलेक्ट्रॉन आले याचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. उप्साला इथल्या काय सीगबान यांनी ही वजाबाकी इतकी नेमकी केली की अणू कोणाशी बांधला गेलाय हेही त्यातून वाचता येऊ लागलं. १९८१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

टायटॅनियम कार्बाइडचा स्पेक्ट्रम वरून खाली वाचायचा झाला तर असा: फर्मी पातळीवर लहानशी पायरी, साधारण २ ते ६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान बंधाचा रुंद पट्टा, १० च्या पुढे कार्बन २एसचा उंचवटा, आणि मग बरंच खाली, २८२ च्या अलीकडे कार्बन १एस आणि ४५५ जवळ टायटॅनियम २पीची जोडी.

४. यात फक्त पृष्ठभागच का दिसतो? क्ष-किरण तर खोल जातात.

क्ष-किरण जातात हो, इलेक्ट्रॉनला बाहेर येता येत नाही. वाटेत कोणाला तरी धडकून ऊर्जा गमावली की तो वजाबाकीतून बाद. न धडकता तो सरासरी किती अंतर येतो हे त्याच्या गतिज ऊर्जेवर ठरतं. ॲल्युमिनियमच्या १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या क्ष-किरणांनी कार्बन १एस मोजलं तर इलेक्ट्रॉन सुमारे १२०० इलेक्ट्रॉनव्होल्टने सुटतो आणि ते अंतर ढोबळमानाने २० अँगस्ट्रॉम असतं. गतिज ऊर्जा ५० ते १०० वर आणली की अंतर ५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतं.

(१००) पृष्ठभागावर, म्हणजे घनाच्या सपाट बाजूवर, दोन थरांमधलं अंतर २.१६ अँगस्ट्रॉम. हिशेब केलात तर पहिल्या प्रकारात सगळ्यात वरच्या थराचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा, दुसऱ्यात एक तृतीयांशाहून थोडा जास्त. नमुना तोच, पण एकदा वाडा दिसतो आणि एकदा नुसती ओसरी.

५. एक्सपीएस, यूपीएस, आर्पेस: मी कुठल्या यंत्राची वेळ मागू?

कोणता अणू कोणाशी बांधलाय एवढंच हवं असेल आणि नमुना पावडर असेल तर एक्सपीएस. फर्मी पातळीजवळचा पट्टा आणि वर्क फंक्शन हवं असेल तर हेलियमच्या दिव्यावरचं, २१.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अतिनील प्रकाशाचं यूपीएस. इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या संवेगानुसार कशी बदलते हे हवं असेल तर आर्पेस, म्हणजे कोनाकोनाने मोजलेलं फोटोउत्सर्जन. त्याला मात्र एकस्फटिक लागतो. पावडर घेऊन आर्पेसची वेळ मागू नका. मागणारे भेटलेत.

६. माझ्या पावडरमध्ये कार्बन १एसची तीन पीक (आलेखातले उंचवटे) येतात. कार्बाइडचं कुठलं?

सगळ्यात कमी बंधन ऊर्जेचं. धातू कार्बनला इलेक्ट्रॉन देतो, कार्बनवरचा ऋण भार वाढतो आणि १एसची पकड सैल होते. टायटॅनियम कार्बाइडमध्ये ते साधारण २८१.५ ते २८२ वर येतं. टंगस्टन कार्बाइडमध्ये जरा वर, २८२.७ च्या जवळ, कारण तिथे देवाणघेवाण कमी. २८४.८ च्या आसपासचं जाडजूड पीक हवेतून बसलेल्या हायड्रोकार्बनचं. त्याच्याही वर २८६ ते २८९ मध्ये जे काही दिसतं ते ऑक्सिजनशी जोडलेल्या कार्बनचं.

धातूची बाजूही तपासा. टायटॅनियम २पी चं मुख्य पीक कार्बाइडमध्ये ४५५ च्या आसपास आणि डायऑक्साइडमध्ये ४५८.५ च्या पुढे असतं. ४५९ चं पीक उंच आणि ४५५ चं बुटकं असेल तर तुम्ही कार्बाइडवरचा गंज मोजताय. एमझीनवाल्यांनाही (एमझीन म्हणजे काही अणूंच्या जाडीचे कार्बाइडचे पापुद्रे) हेच लागू: तिथे कार्बन २८२ जवळच येतो, पण पृष्ठभागावर फ्लुओरिन, ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल बसलेले असतात, त्यामुळे टायटॅनियमचं पीक एकाऐवजी ओळीने चार-पाचांत फुटतं. ते उलगडताना सॉफ्टवेअर म्हणेल तितकी पीक घालत जाऊ नका.

७. एकाच स्फटिकाचे (१००) आणि (१११) पृष्ठभाग इतके वेगळे कसे वागतात?

डोळ्यांपुढे मिठाचा खडा आणा. त्याची सपाट बाजू म्हणजे (१००). तिच्यावर टायटॅनियम आणि कार्बन बुद्धिबळाच्या पटासारखे शेजारी शेजारी आणि सारख्याच संख्येने. वरच्या अणूचा सहांपैकी एकच शेजारी गेलेला असतो, पाच शिल्लक. संसार फारसा विस्कटत नाही. म्हणून हा पृष्ठभाग शांत: स्फटिक फुटतो तोही याच प्रतलावर आणि हायड्रोजन, ऑक्सिजनला तो तुलनेने थंड प्रतिसाद देतो. पृष्ठीय अवस्था इथेही दिसतात, पण त्या बंधाच्या पट्ट्याच्या काठाशी, आतल्या अवस्थांना चिकटून असतात.

आता खडा कोपऱ्यातून तिरका कापा. (१११) दिशेने थर एकाआड एक येतात: सगळे टायटॅनियम, मग सगळे कार्बन, पुन्हा टायटॅनियम. कुठेतरी कापावंच लागतं. तर वर कोण राहतं? टायटॅनियम. जपानमध्ये आयन आदळवून केलेल्या प्रयोगांनी हे १९८० च्या दशकात पक्कं झालं. या टायटॅनियमचे सहापैकी तीन कार्बन शेजारी गायब असतात. त्यांच्याशी बांधायला ठेवलेले डी-इलेक्ट्रॉन मोकळे लटकतात आणि स्पेक्ट्रममध्ये फर्मी पातळीच्या अगदी लगत, एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत, धारदार अवस्था उगवते. आठवतंय ना, प्रश्न २ मध्ये तिथेच दुष्काळ होता? आत ओसाड दरी आणि पृष्ठभागावर भर बाजार.

परिणाम असा की (१११) वर हायड्रोजनचा रेणू फुटून अणू बसतात, ऑक्सिजन झडप घालतो, आणि तो बसला की ती अवस्था विझते. रासायनिक सूत्र तेच, स्फटिक तोच, फक्त कापण्याचा कोन वेगळा. म्हणून 'टायटॅनियम कार्बाइडचा पृष्ठभाग सक्रिय असतो का?' या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी 'कुठला?' असंच असतं.

८. दिसतेय ती अवस्था पृष्ठभागाचीच आहे हे कशावरून?

तीन कसोट्या, तिन्ही लावा. पहिली: सिंक्रोट्रॉनवर (हव्या त्या ऊर्जेचा प्रकाश देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) फोटॉनची ऊर्जा बदलत जा आणि इलेक्ट्रॉन सरळ समोर गोळा करा. आतल्या अवस्थेचं पीक सरकतं, कारण पृष्ठभागाला लंब संवेग बदलतो. पृष्ठीय अवस्थेला त्या दिशेचं भानच नसतं, ती जागची हलत नाही. दुसरी: थोडा वायू सोडा. पृष्ठीय अवस्था विझेल, बाकीचं जवळपास तसंच राहील. तिसरी: गणिताने काढलेल्या आतल्या पट्ट्यांच्या सावलीवर ती ठेवून पाहा. रिकाम्या जागेत पडली तर ती पृष्ठभागाची.

दुसऱ्या कसोटीवर एकटीवर विसंबू नका. वायू बसल्याने आतल्या अवस्थाही थोड्या सरकतात. आणि उलटी फसगतही होते. ती माझी झाली, बघा प्रश्न १०.

९. स्फटिक स्वच्छ कसा करतात? नुसता अल्कोहोलने पुसून चालत नाही?

पुसा, पण ती फक्त सुरुवात. दहाचा उणे सहावा घात टॉर इतक्या दाबाला, जो येईल तो चिकटला तर, साधारण एका सेकंदात पृष्ठभागावर वायूचा एक थर बसतो. दहाचा उणे दहावा घात गाठला तर तोच थर बसायला पावणेतीन तास लागतात. मोजमाप त्या वेळेत उरकायचं असतं. म्हणून आधी अख्खं चेंबर दिवसभर भाजून पाणी हाकलायचं, मग नमुन्याची पाळी.

नमुना म्हणजे नखाएवढी, एखाद मिलिमीटर जाडीची चकती, टँटलमच्या पट्ट्यांनी धरलेली. तिच्या पाठीमागे केसाएवढी टंगस्टनची तार. तार तापवायची, चकतीवर हजारभर व्होल्ट द्यायचे, मग तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन चकतीच्या पाठीवर आदळतात. काचेच्या खिडकीतून बघत राहायचं: आधी काहीच नाही, मग विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस, मग केशरी, मग पिवळसर पांढरा, की डोळे बारीक करावे लागतात. पायरोमीटर १५०० च्या आसपास दाखवतो. एकीकडे नजर दाबमापकावर. आकडा दोन घात वर उडी मारतो, कारण ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून चाललेला असतो. काही सेकंद, बंद. थंड होऊ द्यायचं, पुन्हा. आकड्याची उडी दर खेपेला बुटकी होत जाते. ती मरगळली की समजायचं, झालं. मग इलेक्ट्रॉन विवर्तनाचे ठिपके बघायचे: (१००) ला चौकोन, (१११) ला षटकोन.

कार्बाइड इतकं तापमान सोसतं ही इथे देवाची कृपा. हे कौतुक ॲल्युमिनियमवर करून बघा.

१०. ६ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ एक नवीन पीक दिसतंय, कुठल्याच गणनेत नाही. पेपर होईल का?

बहुधा नाही. ते ऑक्सिजनचं २पी आहे. मी स्वतः अशाच एका पिकामागे तीन आठवडे घालवले, त्याला नावसुद्धा ठेवलं होतं. सकाळच्या स्पेक्ट्रममध्ये ते लहान आणि संध्याकाळच्या मोठं आहे हे एका रात्री आलेख एकावर एक ठेवल्यावर दिसलं. हेलियमच्या दिव्याला खिडकी नसते, वायू थेट चेंबरमध्ये झिरपतो. सिलिंडर बदलल्यावर नळी नीट धुऊन घ्यायची मी विसरले होते आणि हेलियमबरोबर ओलावा आत जात होता. दोष सर्वस्वी माझा. तेव्हापासून पहिला स्पेक्ट्रम शेवटी पुन्हा घेतल्याशिवाय मी कोणत्याच पिकाचं बारसं करत नाही.

११. तापवायची सोय नाही. आर्गॉन आयनांनी खरवडून काढलं तर?

घाण निघेल, पण बरोबर कार्बाइडही बिघडेल. टँटलम किंवा टंगस्टनसारखा जड जोडीदार असेल तर हलका कार्बन आधी उडतो आणि वरचा थर धातूकडे झुकतो. स्फटिकाची शिस्तही मोडते. एकस्फटिकावर खरवडल्यानंतर तापवणं अटळ. पावडरवर करायचंच असेल तर कमी ऊर्जेचे आयन, थोडा वेळ, आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही स्पेक्ट्रम द्या. 'खरवडल्यावर धातू दिसला, म्हणजे नमुन्यात मोकळा धातू आहे' असा निष्कर्ष मी परीक्षक म्हणून परत पाठवला आहे.

१२. २८४.८ ला कॅलिब्रेट करायला सगळे सांगतात. कार्बाइडलाही करू का?

शक्यतो नको. ही सवय विद्युतरोधक नमुन्यांवरून आली. तुमचं कार्बाइड वाहक आहे, त्याला स्वतःची फर्मी पायरी आहे, ती शून्यावर आणा. २८४.८ चा तो हवेतला मळ कशावर बसलाय त्यानुसार थोडा सरकतो, आणि कार्बाइडचे फरकही काही दशांश इलेक्ट्रॉनव्होल्टचेच असतात. चूक तेवढीच असेल तर मोजलंत काय? अपवाद: ऑक्साइडचा जाड थर चढलेली किंवा रोधक टेपवर चिकटवलेली पावडर. तिथे भार साचतो, पायरीही धूसर होते, मग २८४.८ चा आधार घ्या आणि घेतला असं लिहा.

१३. सूत्रात एकास एक कार्बन लिहितात, प्रत्यक्षात कमी असतो. त्याने काय बिघडतं?

बरंच. ही कार्बाइडं कार्बनच्या जागा रिकाम्या ठेवूनही रचना टिकवतात. टायटॅनियम कार्बाइड निम्म्या कार्बनपर्यंत तग धरतं. व्हॅनेडियमचं तर मुळात पूर्ण भरतच नाही, सुमारे ०.८८ ला थांबतं. स्पेक्ट्रममध्ये फर्मी पातळी आणि बंधाचा पट्टा यांच्यामधल्या दरीत जादा अवस्था दिसू लागतात, कारण रिकाम्या जागेभोवतीच्या धातूच्या अणूंचे डी-इलेक्ट्रॉन एकमेकांकडे वळतात. (१११) च्या पृष्ठीय अवस्थेत आणि यांत गल्लत होते. प्रश्न ८ मधली पहिली कसोटी इथे पुरत नाही, कारण रिकाम्या जागांच्या अवस्थाही फारशा सरकत नाहीत. वायूची कसोटी लावा.

१४. कोनावरून संवेग कसा काढायचा? एक उदाहरण करून दाखवा.

पृष्ठभागाला समांतर संवेग = ०.५१२ × गतिज ऊर्जेचं वर्गमूळ × कोनाचं साइन. ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, उत्तर प्रति अँगस्ट्रॉम. हेलियमचे २१.२ घ्या, नमुन्याचं वर्क फंक्शन सुमारे ४ धरा. फर्मी पातळीवरून सुटलेल्याची गतिज ऊर्जा १७.२, वर्गमूळ ४.१५, गुणाकार २.१२. (१००) पृष्ठभागावर चौकोनी जाळीची बाजू ४.३३ भागिले √२, म्हणजे ३.०६ अँगस्ट्रॉम, ब्रिल्वाँ क्षेत्राची (संवेगाच्या नकाशावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका घराची) जवळची कड १.०३ वर. १.०३ ला २.१२ ने भागा, साइन ०.४८ च्या आसपास, कोन सुमारे २९ अंश. तुमच्या यंत्राला ३० अंशांपर्यंत फिरता येत नसेल तर कड दिसणार नाही. हे आधी तपासा, तिथे जाऊन नव्हे.

१५. पट्ट्यात धातूचा वाटा किती आणि कार्बनचा किती, हे वेगळं काढता येतं का?

बऱ्यापैकी. फोटॉनची ऊर्जा टायटॅनियम ३पी मधून ३डी मध्ये उडी मारायला पुरेल इतकी, म्हणजे ४५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास नेली की ३डीचा वाटा अचानक फुगतो. त्या आधीचा आणि नंतरचा स्पेक्ट्रम वजा करा. निओबियमच्या ४डी साठी उलट युक्ती चालते: एका ठरावीक ऊर्जापट्ट्यात त्याची उत्सर्जनाची शक्यता कोसळते. टायटॅनियमच्या ३डी ला असा खड्डा नाही, त्यामुळे ती युक्ती तिथे लावू नका.

१६. कार्बाइडवर ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) वाढतं म्हणतात. ते २००४ नंतरचं ना?

नाव गाजलं तेव्हा. पण जपानी गटांनी १९९० च्या सुमारासच टायटॅनियम, टँटलम यांच्या कार्बाइडचे तापलेले (१११) पृष्ठभाग हायड्रोकार्बन वायूत ठेवून ग्रॅफाइटचा एकच थर वाढवला होता आणि फोटोउत्सर्जनाने त्याचे पट्टेही मोजले होते. खालचा धातूचा थर त्याला इतका घट्ट धरतो की मोकळ्या ग्राफीनची ओळख बिघडते. 'एकथरी ग्रॅफाइट' म्हणायचे तेव्हा. नावात काय आहे म्हणतात, पण इथे बरंच होतं.

१७. टंगस्टन कार्बाइड प्लॅटिनमसारखं वागतं, हे खरं की जाहिरात?

१९७३ मध्ये लेव्ही आणि बूदार यांनी दाखवलं की टंगस्टन कार्बाइड एक अशी रेणू-फेररचना घडवून आणतं जी प्लॅटिनमची खासियत मानली जायची. पुढच्या वर्षी मोजमापात फर्मी पातळीजवळचा पट्टा टंगस्टनपेक्षा प्लॅटिनमशी जास्त मिळताजुळता आढळला. एवढं खरं. पण ते साम्य पट्ट्याच्या एका टोकापुरतं आहे, आणि हवेत ठेवलेल्या पावडरवर ऑक्साइड आणि सुटा कार्बन बसलेला असतो. पृष्ठभाग दाखवल्याशिवाय 'प्लॅटिनमसारखं' लिहिणाऱ्यांनी प्रश्न ६ पुन्हा वाचावा.

१८. मोजायला परदेशीच जावं लागतं का?

नाही. इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहेत, फोटोउत्सर्जनाच्या बीमलाइनसह. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनाही प्रस्ताव देऊन वेळ मागता येते. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आर्पेस करता येतं, आयआयटी मुंबईत एक्सपीएस. खरी अडचण स्फटिकाची. हे वितळायलाच ३००० अंश लागतात, साध्या भट्टीत होत नाही. फ्लोटिंग झोन पद्धतीने, मुशीला न टेकवता वाढवावे लागतात आणि तसे वाढवणारे जगात मोजके. म्हणून बीमटाइमचा अर्ज भरण्याआधी चकती हातात आहे ना, लावेच्या क्ष-किरण फोटोवर तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहिलंय ना, एवढं बघा. (१००) समजून नेलेली चकती दुसऱ्याच कोनात कापलेली निघाल्याचं इंदूरला पोहोचल्यावर कळलं, तर परतीची गाडी रात्रीचीच असते.